मंदिराखालच्या वळणावर अडलेली जीप

रुशंग
६ डिसेंबर १९९८

जीप तुमची अडली आणि चुलीबाहेर माझी नात? हा कुठला न्याय, कारदारसाहेब?

नमस्कार राहिला. घ्या, केला.

मी सूरजमणी, पदमीची आपी. तिची आई गेल्यापासून ती माझ्याच पाठीवर वाढली. हे तुम्हाला नवं नाही, कारण तुमच्या पुतण्यासाठी तिला मागायला आलात तेव्हा माझ्याच चुलीपुढे बसून तीन वाट्या खारा चहा प्यालात. वर म्हणालात, "आपी, आमच्या घरात ती लेक म्हणून राहील." मला तेव्हाच कळायला हवं होतं. लेक म्हणून राहील म्हणणारा माणूस सून म्हणून काय ठेवणार!

काल आमच्या गावची एक बाई तुमच्या चोखांगला भाचीकडे जाऊन आली. नळावर सगळ्या बायकांसमोर मला म्हणाली, "आपी, पदमीला स्वयंपाकघरात घेत नाहीत हो. धान्याच्या कोठारात झोपते. ओगल्याच्या पिठाची धिरडी उंबऱ्यावर ठेवतात, ती तिथेच बसून खाते."

मी म्हटलं, "का? अंगावर काही फुटलंय का तिच्या?"

"नाही. वरात आली त्या दिवशी मंदिराखालच्या वळणावर जीप अडली ना. देवतेने अडवली म्हणतात. नवरी पसंत नाही."

माझ्या हातातली कळशी भरून वाहत होती तरी मला कळलं नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या सुनांना सांगायला एक गोष्ट मिळाली.

पोरीने मला दोन पत्रं पाठवली, दोन्हीत एकच मजकूर. मी बरी आहे, बर्फ खूप आहे. कोठाराचं एक अक्षर नाही. तेव्हा आता तुमच्याकडूनच कळू दे. त्या दिवशी वळणावर काय झालं, ते सुरुवातीपासून लिहा. चाक कुठे होतं, कोण बसलं होतं, कोण काय बोललं. मी तिसरी शिकलेली बाई आहे, मोठ्या अक्षरात लिहा.

सूरजमणी


चोखांग
१७ डिसेंबर १९९८

आदरणीय सूरजमणी आपी यांस गंगाबीर नेगी, कारदार, देवता मंदिर समिती, चोखांग यांचा सादर प्रणाम.

आपले पत्र मिळाले. आपल्या भाषेबद्दल मी काही लिहीत नाही, आपण वयाने मोठ्या आहात.

घडले ते असे. २४ नोव्हेंबरला वरात घेऊन आम्ही निघालो. जीप मी स्वतः चालवत होतो. ही जीप फौजेच्या लिलावातली आहे, सगळ्या दरीत अशी दुसरी नाही, आणि मी ती कोणाच्या हाती देत नाही. मागे पुतण्या हीरसेन आणि सूनबाई होते. पुढे माझी आई होती. पुलापासून वर ताजे बर्फ होते, म्हणून पुलावरच मी पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा टाकला. माझा नियम आहे, की पहिल्या बर्फाला दांडा टाकायचा आणि मार्च संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. इतर ड्रायव्हर सारखे टाकतात, काढतात, आणि मग कड्याखाली जातात. मी निष्काळजी माणूस नाही.

रस्ता असा होता, की सावलीत बर्फ आणि उन्हात कोरडे. खालच्या दोन कोरड्या वळणांवर जीप कण्हली. मी लक्ष दिले नाही. आज वाटते, त्या सूचना होत्या. मंदिराखालच्या वळणावर मात्र ती पाऊल उचलेना. तिथे या उन्हाळ्यात समितीने, म्हणजे मी, सिमेंट घालून घेतले आहे. नवरीसाठी बायकांनी ते सकाळी झाडून, राख टाकून, अंगणासारखे कोरडे केले होते. बर्फाचा कणही नव्हता! अशा जागी जीप अडायचे कारण काय? स्टिअरिंग दगडासारखे झाले. चाके खरडली, आतून दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. हातभर पुढे गेली आणि बंद पडली. तीन वेळा असेच.

मग मी थोडी मागे घेतली. मागे घेताच धप्प असा आवाज झाला आणि ती मोकळी झाली. पुढे नेली, की पुन्हा अडली. आपी, सगळे गाव बघत होते. पुढे जायचे नाही, मागे जायला मोकळी. याचा अर्थ काय, ते लहान पोरानेही सांगितले असते. मी सांगायची गरज पडली नाही.

शेवटी सूनबाई उतरल्या आणि चालत वर आल्या. जीप मी त्या दिवसापासून खाली पुलापाशीच ठेवतो.

समितीने ठरवले, की देवता महाराजांना रीतसर विचारेपर्यंत नव्या सुनेने चूल शिवू नये. साजोच्या सणाला महाराज स्वर्गात जातील, फागुनात परत येतील, तेव्हा प्रश्न घालू. जे उत्तर येईल ते दोन्ही घरांनी मानायचे. यात कोणाचा अपमान नाही.

हीरसेनची तब्येत उत्तम आहे.

आपला,
गंगाबीर नेगी


रुशंग
२ जानेवारी १९९९

हीरसेनची तब्येत तुम्हाला कोणी विचारली होती?

कारदारसाहेब, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मोठ्या अक्षरात लिहिलंत, उपकार झाले. पण जीपच्या दांड्याचं पुराण मला कशाला? कुठला दांडा टाकला, कुठला नाही काढला, मला त्यातलं काय कळतं? मला एवढंच कळतं, की लग्नाची वरात होती आणि आमच्याकडून निघताना माझ्या भावाने तुम्हाला अंगुरीचे दोन वाडगे पाजले होते. मी स्वतः बघितलं. तिसऱ्यालाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त हात पुढे करून "बस, बस" म्हणालात. तो हात वाडग्याच्या वर नव्हता, खाली होता.

पिऊन गाडी चालवलीत, वळण जमलं नाही, आणि खापर माझ्या नातीच्या कपाळावर फोडलंत. देव बिचारा बोलायला येत नाही, म्हणून त्याचं नाव पुढे.

आणि हे "सूनबाई उतरल्या आणि चालत वर आल्या" काय आहे? तेरा वर्षांची असल्यापासून तिने लग्नात अंगाला गुंडाळायच्या दोहडूची लोकर स्वतः कातली. तो दोहडू तिने राखेतून ओढत नेला असेल, अंगावर माझ्या सासूची चांदी घालून, सगळं गाव बघत असताना. एका ओळीत संपवलंत.

साजोला पदमीला माहेरी पाठवा. सणाला लेक माहेरी येते, त्याला तरी तुमच्या समितीची हरकत नसावी. सण झाला की तिला नेताना तुम्ही शुद्धीत या. मग बघू तुमची जीप काय म्हणते.

सूरजमणी


चोखांग
२४ जानेवारी १९९९

आदरणीय आपी,

आपण मला दारुडा म्हणालात. ठीक आहे. २१ तारखेला सूनबाईंना न्यायला मी आपल्या दारात आलो तेव्हा आपण माझ्या तोंडाशी नाक आणून वास घेतलात, तेही मी सहन केले. वास आला नाही, हे आपणच आपल्या भावाला मोठ्याने सांगितलेत. म्हणजे त्या दिवसाबद्दल आता वाद उरला नाही.

तर ऐका. भर दुपार, आकाश निळे, मी कोरा. मागे हीरसेन आणि सूनबाई, लग्नाच्या दिवशी होते तसेच. पुलापासून वर जागोजाग बर्फ, मध्ये मध्ये कोरडा रस्ता. दांडा नियमाप्रमाणे टाकलेला. आणि मंदिराखालच्या वळणावर, त्याच कोरड्या सिमेंटवर, जीप अडली. तोच आवाज, तेच दगडासारखे स्टिअरिंग. मागे घेतली, की मोकळी. मी चार वेळा केले. चौथ्या वेळी लोक हात जोडून उभे राहिले. एक म्हातारी रडू लागली.

महाराजांना तिथेच विचारले असते. पण साजोपासून महाराज स्वर्गात आहेत. मंदिराला कुलूप मी माझ्या हाताने लावले आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. पंधरा वर्षांत तो नियम मी एकदाही मोडलेला नाही.

यापुढचे लिहायला मला वाईट वाटते. सूनबाई जीपमधून उतरल्या. वर आल्या नाहीत. गाठोडे उचलले, कोणाला एक शब्द न बोलता रस्त्याने खाली चालू लागल्या. मी हाक मारली. हीरसेननेही मारली असावी. त्या पुलापर्यंत गेल्या आणि माहेरी जायला टापरीच्या बसमध्ये बसल्या. कारदाराच्या घरची सून, उघड्या रस्त्याने!

आता फागुनात प्रश्न घालून उत्तर घेतले जाईल. उत्तर काय येईल, हे आपल्याला आणि मला दोघांनाही कळते. तेव्हा दोन्हीकडची माणसे बसवून रीतीप्रमाणे सुकी काडी मोडावी. एक टोक तिने धरायचे, एक हीरसेनने. काडी मोडली, की दोघे मोकळे. भांडण न करता होईल, तितके बरे.

गंगाबीर नेगी


रुशंग
३ फेब्रुवारी १९९९

किल्ली कमरेला होती ना? मग २१ तारखेला जीप अडवली कोणी?

कारदारसाहेब, तुमच्याच हातचं वाक्य आहे, कागद माझ्यापुढे आहे. देव साजोला स्वर्गात गेला. कुलूप तुम्ही लावलंत. फागुनापर्यंत तो परत येत नाही, हे दरीतल्या मेंढरांनाही माहीत आहे, म्हणून तर माघात कोणी देवाला काही विचारत नाही. मग तुमच्या वळणावर हात आडवा करून उभं कोण होतं? की देव स्वर्गातून खास तुमच्या जीपसाठी खाली आला, आणि कारदाराला न सांगता परत गेला? पंधरा वर्षांची कारदारकी तुमची, आणि देव तुम्हाला एवढंही सांगत नाही?

वास मी घेतला, कोरे होतात, ते मी कबूल करते. पिऊन होतात हे माझं म्हणणं चुकलं. त्यामुळे मला दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं. मी तुमची दोन्ही पत्रं फडक्यात बांधली आणि बसने टापरीला गेले, गाड्या दुरुस्त करणाऱ्या खेमचंद मिस्त्रीकडे. बर्फात बस दोनदा थांबली. या वयात मला हे करायला लावलंत, ते वेगळं.

खेमचंदने पत्रं वाचली. पहिल्या पत्रात दांड्याच्या जागी आला आणि हसायला लागला. मी म्हटलं, "मेल्या, माझ्या नातीचं घर मोडतंय आणि तुला हसू येतंय?"

तो म्हणाला, "आपी, बसा जीपमध्ये. सांगून पटायचं नाही."

त्याच्याकडे तशीच एक जुनी जीप आहे. अर्धं अंगण सावलीत, बर्फ काचेसारखं. अर्ध्यावर ऊन, खडखडीत. दांडा टाकला आणि बर्फावर गोल फिरवली. सुरेख फिरली. तशीच फिरवत कोरड्यावर आणली आणि कारदारसाहेब, ती कण्हली. दाताखाली खडा आल्यासारखी. मी स्टिअरिंगला हात लावून पाहिला, म्हशीची मान धरल्यासारखं वाटलं. आणि जीप उभी राहिली. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, "देव आला का रे?"

"देव कशाला येतोय, आपी? दांडा टाकलाय ना."

मग त्याने मला समजेल असं सांगितलं. कायांग नाचताना आपण हातात हात गुंफून वळतो. बाहेरच्या टोकाच्या बाईला जास्त चालावं लागतं, आतलीला कमी. वळताना जीपची पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त चालतात. एरवी ती आपापली चालतात. दांडा टाकला, की पुढची आणि मागची एकमेकांना बांधली जातात, सगळ्यांनी सारखंच चालायचं. बर्फावर चाक थोडं घसरून घेतं, भागतं. कोरड्या सिमेंटवर घसरायला जागा नाही, मग आतल्या आत पीळ बसत जातो, बसत जातो, आणि गाडी आपल्याच पायात अडकून उभी राहते. मागे घेतली, की पीळ सुटतो. धप्प वाजतं ते हेच. असाच हट्ट करत राहिलं तर आतला दात तुटतो, म्हणाला.

"आपल्या रस्त्याला शंभर पावलांत तीन तऱ्हा," खेमचंद म्हणाला. "बर्फ आलं की टाकायचा, कोरडं आलं की काढायचा. नोव्हेंबरात टाकून मार्चात काढणारा माणूस मी आजच ऐकला."

तो माणूस निष्काळजी नाही, असं मी त्याला सांगितलं. तुमच्याच शब्दांत.

खालच्या दोन कोरड्या वळणांवर जीप कण्हली, ते तुम्ही लिहिलंत. सिमेंट नवं, ते तुम्ही लिहिलंत. बायकांनी झाडून कोरडं केलं, ते तुम्ही लिहिलंत. सगळं तुम्हीच लिहून दिलंत आणि शिक्षा मात्र पोरीला. तिच्यासाठी वाट झाडली म्हणून जीप अडली, कारदारसाहेब. बर्फ तसंच राहू दिलं असतं तर ती वर आली असती आणि आज तुमच्या चुलीवर थुक्पा शिजवत असती.

पटत नसेल तर करून बघा. जीप रिकामी न्या, दांडा टाकून. मग ज्या बाईबद्दल देवाची काही तक्रार नाही अशी एक बाई मागे बसवा, आणि पुन्हा न्या. मग दांडा काढा आणि न्या. गाव जमवून करा. अडली तेव्हा गाव होतं ना? आता पण असू दे.

काडीचं नंतर बघू.

सूरजमणी


चोखांग
१४ फेब्रुवारी १९९९

आदरणीय आपी,

आपल्या पत्रानुसार जीपची तपासणी केली. तीत किरकोळ यांत्रिक अडचण आढळली. ती दूर झाली आहे. महाराज परत आले आहेत, परंतु आता प्रश्न घालण्याची गरज समितीला वाटत नाही. सूनबाईंना चूल मोकळी आहे.

दांडा कडक बसला होता, निघेना. हीरसेनने जीप जरा मागे घेतली आणि एका झटक्यात काढला. मग त्याच वळणावर ती तेल लावलेल्या चरखीसारखी फिरली. पोराला यातले चांगले कळते. लग्नाआधी दोन हिवाळे तो रामपूरच्या गॅरेजात कामाला होता. म्हणाला, पीळ बसला की आवाजावरूनच कळतं. मला अभिमान वाटला.

झाले गेले ते मनात ठेवू नये. सूनबाईंना पाठवावे, किंवा मी जीप घेऊन येतो. काडीचा विषय मी मागे घेतला आहे.

आपला,
गंगाबीर नेगी


रुशंग
२० फेब्रुवारी १९९९

तुमच्या आईला जीपमध्ये बसवून पाहिलंत, ते लिहायला विसरलात.

टापरीच्या बसमध्ये तुमच्या गावच्या चार जणांनी मला सांगितलं, चौघांनी चार तऱ्हेने, आणि शेवट सगळ्यांचा एकच. जीप वळणावर अडली आणि म्हातारी आतून ओरडली, "गंगाबीर, आता मलाही माहेरी पाठव!" गाव हसलं म्हणे. हसू दे. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, त्या घरात जीभ असलेलं एक माणूस आहे.

तुमच्यावरचा माझा राग एवढ्यावर संपत आला होता. तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेला माणूस चुकतो, वर मोठ्याने चुकतो, तो मूर्ख असतो, पण त्याच्याशी बोलता येतं. तुमचं पत्र मी पदमीला वाचून दाखवलं. ती पुढ्यात न्योज्याच्या बिया सोलत बसली होती. चूल मोकळी म्हटलं तेव्हा तिने मान वर केली नाही. पुढे रामपूरच्या गॅरेजचं आलं आणि तिचा हात थांबला.

"काय म्हणाला तो? परत वाच."

मी परत वाचलं. आवाजावरूनच कळतं.

मग ती म्हणाली, "आपी, दोन्ही वेळा तो माझ्या शेजारी बसला होता. लग्नाच्या दिवशी आवाज झाला तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, माझ्यासारखाच घाबरलाय."

कारदारसाहेब, तुम्ही आता हे पत्र खाली ठेवा आणि पुतण्याच्या हातात द्या. पुढचं त्याच्यासाठी आहे.

हीरसेन, तुला कळलं होतं. पहिल्या कोरड्या वळणावरच कळलं होतं. काका, दांडा काढा. तीन शब्द होते. काकांनी जीपला हात लावू दिला नसता, ओरडले असते, वरातीत तुझी लाज गेली असती. मी समजू शकते. माणूस एक दिवस घाबरतो. पण त्यानंतर साजोपर्यंत पन्नास दिवस तू चुलीशी बसून जेवलास आणि ती उंबऱ्यावर. पन्नास दिवसांत एकदाही तोंडात घास घेताना जीभ हलली नाही? बरं, ती माहेरून परत येताना तू पुन्हा त्याच जीपमध्ये बसलास, दांडा टाकलेला डोळ्यांनी बघितलास, आणि पुलापासून वळणापर्यंत गप्प बसलास. ती गाठोडं घेऊन खाली चालली तेव्हा तू हाक मारली असावीस, असं तुझे काका म्हणतात. असावीस! पदमीला ऐकू आली नाही.

आणि मग म्हातारी आजी अडकल्यावर, गाव हसायला लागल्यावर, एका झटक्यात दांडा काढलास. शाबास. काकांना अभिमान वाटला.

मी पदमीला विचारलं, पाठवू का? म्हणाली, "मला माहीत नाही, आपी." मी तिला पाठवणार नाही आणि अडवणारही नाही. जीप पाठवू नका, कोणी न्यायला येऊ नका. काडी मोडायची की नाही, ते तीच सांगेल, आणि तुझं पत्र वाचल्याशिवाय सांगणार नाही.

या पत्राचं उत्तर कारदारांनी लिहायचं नाही. समितीने नाही, तुझ्या आजीने नाही, गावातल्या कोण्या शिकलेल्याने सांगून नाही. हीरसेन, ते तू लिहायचंस. माझ्या नावाने पाठवू नकोस, मी उघडणार नाही. पाकिटावर पदमीचं नाव घाल आणि आत आधी एवढंच लिही, की त्या दिवशी तिचा हात धरलास तेव्हा तुला काय माहीत होतं.

सूरजमणी